ती मैदानावर असताना

धनराज पिल्लेने भारतासाठी किती गोल केले? प्रश्न साधा वाटतो. खडकीचा पोरगा, चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, ३३९ आंतरराष्ट्रीय सामने. सामन्यांचा आकडा असा नेटका मिळतो आणि गोलांपाशी आलं की सगळे घसा खाकरतात. १७०च्या आसपास असावेत, असं म्हणतात. अधिकृत नोंद नाही, कारण त्या काळी हॉकीच्या कारभाऱ्यांनी ती ठेवलीच नाही. महाराष्ट्राने देशाला दिलेला एवढा मोठा फॉरवर्ड आणि त्याच्या नावापुढे ‘अंदाजे’. आणखी मागे जा. १५ ऑगस्ट १९३६, बर्लिन, ऑलिंपिकचा अंतिम सामना, भारत ८, जर्मनी १. जगभर गाजलेला सामना. त्यात ध्यानचंदांचे गोल तीन की सहा, यावर आजही दोन मतं आहेत.

मी जळगावच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. त्यामुळे असलं काही वाचलं की माझा जीव खालीवर होतो. पण माझी खरी तक्रार गोल मोजले नाहीत ही नाही. समजा मोजले असते, अगदी तारीखवार, मिनिटवार लिहून ठेवले असते, तरी धनराज काय चीज होता ते त्यातून कितीसं कळलं असतं? मधल्या रेषेजवळ चेंडू घेऊन तो सुटायचा तेव्हा समोरच्या बचावाची जी त्रेधा उडायची, ती कुठल्या रकान्यात लिहिणार? त्याच्यामागे दोघे धावले म्हणून मोकळा सुटलेला तिसरा गोल करून जायचा. कागदावर नाव त्या तिसऱ्याचं.

हा विचार माझ्या डोक्यात आला तो भाचीमुळे. ती राइट इन, म्हणजे उजवीकडची आतली फॉरवर्ड, खेळते. खरं तर ‘राइट इन’ हा शब्द आता फक्त आमचे नाना वापरतात. नाना म्हणजे माझे वडील. भुसावळच्या लोको शेडमध्ये फिटर होते आणि ड्युटी संपली की रेल्वेच्या मैदानावर हॉकी. पाच फॉरवर्ड, तीन हाफ, दोन फुल बॅक, एक गोली, हीच त्यांच्या लेखी हॉकी. मॉन्ट्रियलला १९७६ साली ऑलिंपिक नकली गवतावर गेलं आणि आपण सातवे आलो, तिथेच खेळाचा सत्यानाश झाला असं ते अजून मानतात. भाचीच्या संघाला टर्फ पाहायचा तर लांब जावं लागतं. इकडे मुरूम. त्यावर चेंडू कुठे उसळेल ते त्या चेंडूलाही माहीत नसतं.

गेल्या हंगामात सतरा वर्षांखालच्या मुलींची निवड झाली आणि भाचीचं नाव राखीव खेळाडूंत गेलं. निवड करणाऱ्यांच्या हातात एक कागद होता. नाव, शाळा, जन्मतारीख, गोल. हिच्यापुढे शून्य. मला त्या लोकांना दोष द्यायचा नाही. दिवसभरात एवढ्या शाळांचे सामने उरकायचे, वर ऊन, त्यात कोण किती लक्षात ठेवणार? नानांनी मात्र घरी येऊन शर्ट खुंटीला लावायच्या आधीच तोंडाचा पट्टा सुरू केला. मी आपलं समजुतीच्या सुरात म्हटलं, ‘‘नाना, पण गोल नाहीच केला ना तिने.’’ त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझी पदवी तिथल्या तिथे रद्द व्हावी. ‘‘मले आकडे नको सांगू बाई. पोर पयते का, ते सांग.’’

पोर पळते. त्याबद्दल वाद नव्हता.

रात्री मी पेन घेऊन बसले. शालेय सामन्यात एका फॉरवर्डला नीट फटके किती मिळतात? चार सामने धरले तर एकूण आठ म्हणू. फॉरवर्ड चांगली आहे, पाचातला एक फटका गोलात जातो असं उदार मनाने धरू. मग आठही फटके वाया जाण्याची शक्यता किती? ०.८ चा आठवा घात. उत्तर सुमारे १७ टक्के. म्हणजे पाचातला एक गोल करणाऱ्या, चांगल्या म्हणाव्यात अशा सहा मुली घेतल्या तर त्यातली एक निव्वळ योगायोगाने पूर्ण स्पर्धा कोरडी जाणार आणि राखीव बाकावर बसणार. गोल ही फार दुर्मीळ घटना आहे, आणि दुर्मीळ घटनेवरून माणसाची पारख करायची तर सामने शेकड्याने हवेत. आमच्याकडे चार असतात.

याच अडचणीवर दुसऱ्या एका हॉकीने बरंच डोकं चालवलंय. बर्फावरच्या. माझा मावसभाऊ टोरांटोजवळ राहतो आणि एनएचएल या तिकडच्या व्यावसायिक लीगमधल्या तिथल्या मेपल लीफ्स संघापायी त्याचा रक्तदाब वरखाली होत असतो. हिवाळ्यात त्यांचा संध्याकाळी सातचा सामना आपल्याकडे पहाटे साडेपाचला लागतो. आमच्या घरी त्या वेळी नाना उठलेलेच असतात. सुरुवातीला त्यांना ते पटलंच नाही. चेंडू दिसत नाही, गोलीने गादी बांधलीय, आणि मध्येच हाणामारी. पंच बघत उभे. मलाही मजा आली ती खेळापेक्षा भावाने पाठवलेल्या तक्त्यांत.

तिथे मैदानावर एका बाजूचे पाच खेळाडू आणि गोली. फॉरवर्ड साधारण पाऊण मिनिट जीव तोडून धावतो आणि बाहेर येतो, दुसरी तुकडी आत. त्यामुळे प्रत्येक क्षणी बर्फावर कोण होतं याची नोंद ठेवता येते. त्यांच्याकडे जुनं एक माप होतं, अधिक-उणे. तू आत असताना आपला गोल झाला की अधिक एक, आपल्यावर झाला की उणे एक. बॉबी ऑरचा १९७०-७१ मधला अधिक १२४ हा आकडा अजून कोणी गाठलेला नाही. या मापाला हल्ली सगळे नावं ठेवतात. मला त्याची कल्पना फार आवडते. त्यात ‘तू काय केलंस’ हा प्रश्नच नाही. ‘तू आत असताना काय झालं’ हा आहे. खोट आहे ती कच्च्या मालात. गोलच तोकडे, तर त्यांची वजाबाकी आणखी तोकडी. गोलीने दिवसभर झोपा काढल्या तर पाचही जणांच्या खात्यावर उणे.

मग काही लोकांनी कल्पना तीच ठेवली आणि माल बदलला. गोलांऐवजी फटके मोजले. गोलीने अडवलेले, बाहेर गेलेले, वाटेत कोणाच्या अंगावर आपटलेले, सगळे. आपले वजा त्यांचे. याला कॉर्सी म्हणतात. बफेलो संघाचे गोलींचे प्रशिक्षक जिम कॉर्सी आपल्या गोलीला काम किती पडतं हे जोखायला फटक्यांचे सगळे प्रयत्न मोजायचे. टिम बार्न्स नावाचा एक हौशी आकडेमोड्या व्हिक फेरारी या टोपणनावाने लिहायचा. त्याने या मापाला कॉर्सींचं नाव दिलं आणि त्याचं कारण, असं सांगतात, की त्यांच्या मिशा त्याला आवडल्या. अंगावर आपटलेले फटके वगळून मोजलं की फेनविक. ते मॅट फेनविक नावाच्या दुसऱ्या हौशी लेखकावरून. सांगायचं ते हे, की हे सगळं नोकरी-धंदा सांभाळून रात्री जागणाऱ्या चाहत्यांनी उभं केलं. २०१४ च्या उन्हाळ्यात संघांनी त्यातल्याच बऱ्याच जणांना पगारी नेमलं. न्यू जर्सीने सनी मेहता हा पूर्वीचा व्यावसायिक पोकर खेळाडू घेतला. पोकरवाला घेणं मला अगदी रास्त वाटतं. हातात चांगली पानं येणं आणि चांगलं खेळणं यातला फरक त्याच्याइतका कोणाला कळणार! पुढच्याच वर्षी, २०१५ मध्ये, लीगने स्वतःच हे आकडे अधिकृतपणे द्यायला सुरुवात केली.

फटके मोजून काय साधतं? ते भरपूर असतात. एका सामन्यात गोल पाच-सहा, फटक्यांचे प्रयत्न शंभराच्या घरात. खेळ कोणाच्या अंगणात चाललाय ते लवकर कळतं. २०१२ चा लॉस एंजेलिस किंग्ज संघ घ्या. साखळीत गोल करण्यात तीस संघांपैकी एकोणतिसावा. प्लेऑफमध्ये, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांत, आपल्या गटातून आठवा, म्हणजे दाराच्या फटीतून आत आलेला. पण फटक्यांच्या हिशेबात तो वरच्या संघांत होता. फटके फक्त आत जात नव्हते. त्या वर्षी स्टॅनले कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, त्यांनीच उचललं. उलट २०१३-१४ मध्ये भावाचा टोरांटो. जिंकत होते, पण मारत होते त्याहून जास्त फटके त्यांच्यावर होत होते. आकडेवाले म्हणत होते हे टिकणार नाही, जुने जाणकार म्हणत होते आकडेवाल्यांनी कधी स्केट बांधलेत का पायाला. शेवटच्या काही आठवड्यांत संघ असा कोसळला की प्लेऑफ हुकली. भाऊ त्या महिन्यात फोनच घेत नव्हता.

या सगळ्यात माझं लाडकं माप आहे पीडीओ. एखादा खेळाडू बर्फावर असताना आपल्या संघाच्या शंभर नेमक्या (बाहेर न जाता गोलीपर्यंत पोचलेल्या) फटक्यांत किती गोल झाले आणि समोरच्यांच्या शंभरात आपल्या गोलीने किती अडवले, या दोन टक्क्यांची बेरीज. सगळ्या लीगची सरासरी शंभर येणारच, कारण एकाचा गोल म्हणजे दुसऱ्याचं न अडवणं. एखाद्याचा आकडा एकशे चार दिसला तर समजावं, गड्याचं सध्या बरं चाललंय, पण नशिबाचा यात मोठा हात आहे. शहाण्णव दिसला तर त्याला इतक्यात हाकलू नये. बाकीची मापं खेळाडूबद्दल बोलतात. हे माप बाकीच्या मापांवर किती विश्वास ठेवायचा ते सांगतं. परीक्षेत मी मुलांना हेच शिकवायचा प्रयत्न करते आणि मुलं सूत्र पाठ करून येतात.

डेव्हिड क्लार्कसनची गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगते. न्यू जर्सीचा फॉरवर्ड. त्याआधी एका हंगामात कधी सतराच्या वर गोल नव्हते, २०११-१२ मध्ये एकदम तीस. २०१३ च्या उन्हाळ्यात टोरांटोने त्याला सात वर्षांसाठी ३ कोटी ६७ लाख ५० हजार डॉलर कबूल केले. पोरगाही त्यांच्याच शहरातला. पहिल्या हंगामात त्याने पाच गोल केले. दुसरा हंगाम पुरा व्हायच्या आत त्याला दुसऱ्या संघाकडे धाडून दिलं. गणित अवघड नाही. एखाद्याचा दहातला एक फटका आत जातो असं धरा आणि वर्षाला दोनशे फटके. अपेक्षा वीस गोलांची. पण त्याच्या कौशल्यात तसूभरही फरक न पडता एखाद्या वर्षी बारा होतील, एखाद्या वर्षी अठ्ठावीस. अठ्ठावीसच्या वर्षी करार करणारा फसतो. वर्गात रावेर-यावलकडची मुलं असतात, त्यांना हे सांगायला चार वाक्यंही लागत नाहीत. एका साली केळीला भाव कडाडतो, पुढच्या साली जो तो कर्ज काढून खोड लावतो, आणि माल निघतो तेव्हा बऱ्हाणपूरच्या बाजारात कोणी हुंगत नाही. क्लार्कसनचा करार म्हणजे तेजीच्या वर्षी लावलेली बाग.

फटके मोजायचे म्हटले तरी ते डोळे मिटून मोजायचे नसतात. पुढे असलेला संघ आपोआप मागे सरकतो, पिछाडीवरचा जिवावर उदार होऊन मारत सुटतो. म्हणून गोलफलक बघून आकडे दुरुस्त करावे लागतात. हे मी नानांना समजावून सांगायला गेले तर ते म्हणाले, हे सांगायला कॅनडा कशाला पाहिजे? आणि खेळाडूला उभं कुठे केलं होतं तेही पाहावं लागतं. मॅनी मल्होत्रा हा वडिलांकडून भारतीय वंशाचा फॉरवर्ड २०१०-११ मध्ये व्हँकुव्हरकडून खेळत होता. खेळ थांबून पुन्हा सुरू होताना दोघांमध्ये चकती टाकतात, तो फेस-ऑफ. आपल्या गोलासमोर, जिथे चूक म्हणजे गोलच, तिथले फेस-ऑफ प्रशिक्षक मल्होत्राला द्यायचे. म्हणजे मग हेन्रिक आणि डॅनियल सेडीन हे जुळे भाऊ ताजेतवाने राहून समोरच्याच्या गोलाजवळ सुरुवात करायला मोकळे. त्या वर्षी गोल-पासच्या यादीत डॅनियल लीगमध्ये पहिला आला, आदल्या वर्षी हेन्रिक पहिला होता. मल्होत्राचा कॉर्सी पाहिला तर वाटेल, हा काय कामाचा. ज्याला कायम विहिरीच्या काठावर उभं केलं त्याच्या कपड्यांवर पाणी उडणारच. (माझ्या वहीत तेव्हापासून ‘कुठून सुरू केलं’ असा एक रकाना आहे.) मार्च २०११ मध्ये त्याच्या डोळ्याला चकती लागून दृष्टी बरीच गेली, तरी अंतिम फेरीत तो परत उतरला. त्याला कुठलं माप लावणार, ते मी विचारत नाही.

सेडीन बंधूंनी संख्याशास्त्राची आणखी एक जुनी डोकेदुखी समोर आणून ठेवली. दोघे जवळपास सगळी कारकीर्द एकत्र खेळले, एकत्र आत, एकत्र बाहेर, २०१८ मध्ये निवृत्तही एकत्रच. मग श्रेय वाटायचं कसं? जी दोन कारणं कायम जोडीने येतात त्यांचा वेगवेगळा परिणाम आकड्यांतून काढता येत नाही. जोडी फुटावी लागते. २००९ च्या हंगामात डॅनियलचा पाय मोडला आणि काही आठवडे ती फुटली. सगळे म्हणाले, आता पास द्यायला भाऊ नाही, हेन्रिकचं काय होणार. हेन्रिक स्वतःच गोल मारायला लागला. तिथल्या अभ्यासकांनी हेच मग सगळ्यांना लावलं: अमुक तमुकबरोबर असताना आकडे काय, आणि त्याच्याविना काय.

हे सगळं वाचून मी हरखले आणि भाचीच्या सामन्याला वही घेऊन गेले. पहिल्या दहा मिनिटांत ध्यानात आलं की ‘ती मैदानावर असताना’ हे मोजायला ती कधीतरी मैदानाबाहेर असावी लागते! आंतरराष्ट्रीय हॉकीत १९९० च्या दशकापासून हवे तेवढ्या वेळा खेळाडू बदलता येतो. तिथे हे जमेल. आमच्या शाळेच्या संघात अकरा मुली जेमतेम, त्यातल्या एकीची दुसऱ्या दिवशी चाचणी परीक्षा. भाची पहिल्या शिटीपासून शेवटच्या शिटीपर्यंत आतच. तुलना कशाशी करणार? कॉर्सी गेली, जुळ्या भावांची युक्ती गेली. हाती राहिलं ते एवढंच: तिने स्वतः काय काय केलं ते नीट पाहून लिहायचं.

आणि इथे आपली हॉकी बर्फावरच्या हॉकीपेक्षा एका बाबतीत सोयीची आहे. आपल्याकडे डी आहे. गोलपासून १४.६३ मीटरची ती रेषा. तिच्या बाहेरून मारलेला गोल गोलच नाही. त्यामुळे फॉरवर्डचं काम नेमकं कुठे सुरू होतं ते जमिनीवर चुन्याने आखलेलं असतं. डीत शिरलीस का? शिरल्यावर फटका निघाला का? फटका नाही तर पेनल्टी कॉर्नर मिळवलास का?

कॉर्नरचा हिशेब तर आपल्याकडे अगदीच अन्यायाचा. पॅरिसला २०२४ मध्ये भारताने एकूण १५ गोल केले, त्यातले १० कप्तान हरमनप्रीत सिंगचे. तो स्पर्धेत सर्वाधिक गोल करणारा, आणि खेळतो फुल बॅक. स्पेनविरुद्ध कांस्यपदकाच्या सामन्यातले दोन्ही गोल त्याचेच. ड्रॅग फ्लिक, म्हणजे कॉर्नरवर चेंडू स्टिकने ओढून गोलात भिरकावणं, हे मोठं अवघड काम आहे, त्याची थोरवी मी कमी करत नाही. पण कॉर्नर आभाळातून पडत नाही. कोणीतरी फॉरवर्ड डीत घुसतो, चेंडू बचावाच्या पायावर नेमका घालतो, स्टिकवर स्टिक खातो, गुडघे फोडून घेतो. मग शिटी वाजते आणि तो बाजूला होतो. गोल दुसऱ्याचा. वहीत याचं नाव नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियोत आपल्या मुलींनी ऑस्ट्रेलियाला १-० हरवलं ती सकाळ आठवते? आमच्या चाळीत सगळ्यांचे टीव्ही एकदम ओरडले होते. आपल्याला सामन्यात एकच कॉर्नर मिळाला, गुरजित कौरने तो आत घातला, आणि नंतर सविता पुनिया गोलात भिंत होऊन उभी राहिली. गुरजितही बचावातली. कॉर्सी मोजणाऱ्याने त्या सामन्यात ऑस्ट्रेलियाला झुकतं माप दिलं असतं आणि चार वेळा तोच सामना खेळवला तर बहुधा तो बरोबर ठरला असता. ऑलिंपिकमध्ये तो एकदाच खेळवतात. मला स्वतःला ऑस्ट्रेलियाचे वाया गेलेले कॉर्नर अजून डोळ्यांपुढे दिसतात आणि संख्याशास्त्र बाजूला ठेवून मी खूश होते.

तर वही. नाना सांगणार, मी लिहिणार, असं ठरलं. दोघांपैकी एकानेच दोन्ही करायचं म्हटलं तर मान खाली गेली की नेमकं काहीतरी घडतं. नानांची भाषा ठरलेली. ‘‘घुसली.’’ म्हणजे डीत प्रवेश. ‘‘काढला.’’ म्हणजे समोरच्या मुलीकडून चेंडू हिसकावला. ‘‘गेला.’’ म्हणजे हिने घालवला. कॉर्नरला ते नुसतं बोट वर करायचे. समोरच्या संघाच्या मुलीही आम्ही मोजत होतो, नाहीतर नातीच्या बाजूने वही भरायला काय जातंय. मोजता मोजता आमची भांडणं. चेंडू हिने काढला की त्या पोरीच्या स्टिकवरून मुरमाने उडवला? नाना काढलाच म्हणायचे. मी शंकेचा फायदा मुरमाला द्यायचे.

हंगामाच्या शेवटी बेरजा केल्या. डीत शिरण्यात भाची दोन्ही संघांतल्या बहुतेक मुलींच्या पुढे. मिळवलेल्या कॉर्नरांत तर शाळेच्या संघात तिच्या जवळपास कोणी नव्हतं. नाना खूश, ताई खूश, राखीव बाकाचा राग ताजा असल्यामुळे कागद घेऊन कोणाकोणाला दाखवायचे याची यादीही तयार झाली. पण मी फटक्यांच्या जागा अर्धवर्तुळात ठिपके मारून दाखवल्या होत्या, आणि ते ठिपके काही वेगळंच सांगत होते. जवळजवळ सगळे उजव्या कोपऱ्यात, बॅकलाइनच्या कडेला. तिथून गोल दिसतो तो एका पट्टीएवढा. हल्ली प्रत्येक फटक्याला अंतर, कोन, कसा मारला, गोलीच्या अंगावरून परत आलेला होता का, यावरून गोल होण्याची शक्यता लावतात आणि त्या शक्यतांची बेरीज करतात. तिला अपेक्षित गोल म्हणतात. भाचीच्या फटक्यांची तशी बेरीज केली तर माझं पाचातला एक हे गृहीतक फारच उदार होतं. कोपऱ्यातून वीसात एकही जाणार नाही. म्हणजे शून्य गोलांत नशिबाचा वाटा होता, पण मी रात्री पेन घेऊन काढला तेवढा नव्हता.

ठिपक्यांचा कागद नानांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून पाहिला आणि म्हणाले, हे तर मी तिला रोज सांगतो, कोपऱ्यातून मारू नको, मागे दे. खरंच सांगत होते. पण ते रोज वीस गोष्टी सांगतात, त्यातली ही एक. पोरीने कागद मात्र बराच वेळ पाहिला. स्वतःचे ठिपके होते ना.

पुढच्या सामन्यात तिने काय करावं? तिला एवढंच उमगलं होतं की मावशी फटके मोजते. डीत पाय पडला की दाण. पास द्यायला दोघी मोकळ्या उभ्या, ही तिसऱ्या हाफच्या अंगावर मारतेय. नाना कपाळाला हात लावून बसले. मोजणारा दिसला की खेळणारा मोजल्या जाणाऱ्या गोष्टीसाठी खेळायला लागतो, हे माहीत नसलेला मास्तर विरळा; आमच्या अख्ख्या परीक्षापद्धतीचं पोट त्यावर आहे. बर्फावरच्या हॉकीतही कॉर्सी गाजल्यावर लांबून उगाच मारलेल्या फटक्यांवर लोक कुरकुरायला लागलेच होते. मी वहीतल्या बेरजा तिला दाखवणं बंद केलं. नुसते ठिपके दाखवते. आणि ‘मागे दिला’ असा एक रकाना वाढवला. तो तिला आपणहून सांगितला.

यंदा तिच्या क्रीडाशिक्षकांनी वही मागून घेतली. उभ्या उभ्या चाळली, दोन पानांचे मोबाइलवर फोटो काढले आणि विचारलं, ‘‘मॅडम, सगळ्या मुलींचं करून द्याल का?’’ अकरा मुली आणि समोरच्या अकरा, हे मी आणि नाना मिळून शक्यच नव्हतं. मग तृतीय वर्षाच्या मुलांना प्रकल्पासाठी विषय हवाच होता, त्यातले चौघं उत्साहाने आले. एक चोपड्याचा, एक धरणगावची, दोघं जळगावातलेच. एकानेही आयुष्यात हॉकीची स्टिक धरलेली नव्हती. त्यांना तयार करायचं काम नानांकडे दिलं. पहिला तास आमच्याच ओट्यावर, चहा आणि चिवडा घेऊन.

धरणगावच्या मुलीने पहिलाच प्रश्न विचारला, ‘‘आजोबा, घुसली कधी म्हणायचं? मुलीचा पाय डीत गेला तेव्हा, की चेंडू गेला तेव्हा?’’

‘‘चेंडू. पायाचं काय घेऊन बसली?’’

‘‘आणि चेंडू रेषेवर असला तर?’’

नानांनी चहाची बशी खाली ठेवली. चोपड्याचा मुलगा म्हणाला, रेषा म्हणजे बाहेर. जळगावातले दोघे दोन बाजूंना. मी नियमांचं पुस्तक शोधायला उठले तोवर नानांनी निकाल देऊन टाकला होता, ‘‘रेषा डीचीच रे. लिहून घ्या.’’ चौघांनी लिहून घेतलं. पुस्तकातही तसंच आहे.